रूप की सोंग? ट्रान्सफॉर्मर्सच्या कॉमिक्समधली लढाई आणि भाच्याचा एक प्रश्न

शेडवाला, भुसावळ

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली होती, सोबत भाचा. यंदा नववीत जाईल. दुपारी आमरस-पुरणपोळी हाणून सगळे आडवे झालेले आणि हे पोरगं कूलरसमोर टॅबलेट घेऊन बसलेलं. मला वाटलं क्रिकेटचा गेम चालू असेल. डोकावलो तर ट्रान्सफॉर्मर्सचं कॉमिक, गाड्या-विमानं होणाऱ्या रोबोंचं! पस्तीस वर्षं झोपलेला माझ्यातला पोऱ्या टुणकन उठला. शेजारी बसून "हा ऑप्टिमस प्राइम, हा मेगाट्रॉन" असं शिकवायला लागलो. त्याने माझ्याकडे पाहिलं ते असं, की मी जणू त्याला मोबाइल चार्ज कसा करायचा ते सांगतोय. मग म्हणाला, "मामा, मेगाट्रॉन आधी खाणीत मजूर होता, माहीत आहे ना? तो नुसता लिहायचा. कोठडीत घालून मारला, तेव्हा बिघडला. मग चूक कोणाची?"

मला उत्तर सुचलं नाही. "आईस्क्रीम खातोस का" म्हणून वेळ मारून नेली.

आमच्या वेळचा मेगाट्रॉन दुष्ट होता, विषय संपला. आमच्या वेळचा म्हणजे मार्व्हलचा. पहिला अंक सप्टेंबर १९८४चा. चार अंकांत मालिका आटोपायची असं ठरलेलं, ती चालली ८० अंक, जुलै १९९१पर्यंत. ऐंशीव्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचीच टर उडवली होती, 'चार अंकी मालिकेतला ऐंशीवा अंक'.

मला हे अंक क्रमाने कधीच मिळाले नाहीत. वडील लोको शेडमध्ये फिटर. त्यांच्या ओळखीतले एक काका गाड्यांच्या डब्यांची साफसफाई बघायचे. प्रवाशांनी सोडलेली मासिकं ते गठ्ठ्याने घरी न्यायचे, त्यातलं चित्रांचं काही निघालं की माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. त्यात एकदा चौथा अंक आला. मुखपृष्ठ गायब, कोपऱ्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग. इंग्रजी कळायचं नाही, पण एक गोष्ट बरोब्बर कळली. त्यात एक गॅरेजवाला मिस्त्री आहे, स्पार्कप्लग. मेगाट्रॉन त्याला पकडून नेतो आणि साध्या पेट्रोलपासून रोबोंना चालेल असं इंधन बनवून घेतो. मिस्त्री देतो बनवून, पण त्यात भेसळ करून. मेगाट्रॉनच्या टोळीतले सगळे डिसेप्टिकॉन धडाधड कोसळतात. हातात ना बंदूक ना ढाल, साध्या मिस्त्रीने लढाई जिंकली! बाबांना चित्रं दाखवली तर म्हणाले, "बरोबर आहे. इंजिन कितीही मोठं असू दे, डिझेलात पाणी गेलं की बसलं."

तर प्रश्न दोन. भाच्याला काय सांगू? आणि ही नवी भानगड, खाणमजूर वगैरे, नक्की कुठून आली?

---

जिभाऊ, धुळे

धागा एक नंबर, पण थोडी हवा काढतो. हलके घ्या.

हे सगळं खेळणी विकायला काढलेलं प्रकरण आहे भाऊ. खेळणीसुद्धा मुळात दुसऱ्याच गोष्टीची. जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन मालिका होत्या, डायाक्लोन आणि मायक्रो चेंज. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने त्यातली खेळणी उचलली, १९८४ साली एकत्र करून नवीन नावाने बाजारात आणली आणि मार्व्हलला म्हणाले, यांना गोष्ट द्या. ऑप्टिमस हे नाव मार्व्हलच्या डेनी ओनीलचं. बाकी ढीगभर पात्रांची नावं आणि स्वभाव बॉब बुडिआन्स्कीने बसून लिहिले, तेही शनिवार-रविवारची सुट्टी घालवून. 'मेगाट्रॉन' नाव कंपनीला फार भीतीदायक वाटलं होतं म्हणे. त्यावर त्याचं म्हणणं, खलनायक आहे तो, भीती वाटायलाच पाहिजे.

आता गंमत ऐका. डायाक्लोनमधले रोबो जिवंत नव्हते. ते चालवायला आत माणूस बसायचा. खेळण्यासोबत इंचभर उंचीचा ड्रायव्हर यायचा, त्याच्या पायात चुंबक. हॅस्ब्रोने ड्रायव्हर काढून टाकला आणि म्हणाले, हा रोबोच जिवंत आहे. पण साचे जुनेच! म्हणून त्या गाड्यांना उघडणारी दारं राहिली, आत सीट राहिली आणि सीटवर बसायला कोणी नाही.

मेगाट्रॉन दुसऱ्या मालिकेतला, मायक्रो चेंजमधला. तिथे वस्तू खऱ्या आकाराच्या: पिस्तूल, कॅसेट प्लेअर. म्हणून एक रोबो ट्रक होतो आणि त्याचा कट्टर शत्रू मुठीत मावेल एवढं पिस्तूल. बाकीचं वजन जातं कुठे, हे विचारायचं नाही.

---

केळीवाला, रावेर

जिभाऊ, ते रिकाम्या सीटचं वाचून जरा चर्र झालं बघा.

माझी शंका वेगळी. आमच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो. हे धूड दोन पायांवर पळणार कसं? एका लढाईत माझी तीन एकर केळी भुईसपाट. आमच्याकडे वादळ आलं तरी पंचनाम्याला चार दिवस लागतात. रोबो पडला तर कोणत्या रकान्यात लिहायचं?

---

पुलाखालचं_पाणी, जळगाव

केळीवाले दादा, मी स्थापत्यवाला आहे, त्यामुळे हात शिवशिवले.

जमिनीवर वजन येत नाही, दाब येतो. आठ टनांचा रोबो धरा. त्याच्या एका पावलाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर असेल आणि तो एका पायावर उभा असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो. म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरच्या आसपासच. उभा राहिला तर कोरड्या वावरात टिकेल. पळायला लागला की प्रत्येक पावलाला दाब दोन-तीन पट होणार आणि मग गुडघ्यापर्यंत आत. पावसाळ्यात तर विचारूच नका.

खरी अडचण रोबोच्या हाडांची आहे. उंची दुप्पट करा: पायाचा काटछेद चौपट होतो, पण वजन आठपट होतं. उंची दसपट केली तर काटछेद शंभरपट आणि वजन हजारपट. म्हणजे पायाच्या प्रत्येक इंचावर दसपट जास्त भार. गॅलिलिओने हे १६३८ सालीच मांडून ठेवलंय. हत्तीचे पाय खांबासारखे आणि हरणाचे काडीसारखे, ते याच कारणाने.

जपानमध्ये योकोहामाला २०२० ते २०२४ एक चालता-हलता गंडाम उभा केला होता. तो दुसऱ्या कथेतला रोबो, पण जात तीच. उंची १८ मीटर, वजन २५ टनांच्या घरात. हात हलायचे, बोटं हलायची, पाय उचलायचा. पण पाठीमागून कंबरेला लोखंडी आधार कायमचा जोडलेला. आधार काढून स्वतःच्या पायावर उभा केला नाही कोणी.

---

जिभाऊ, धुळे

म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीतल्या उंच देखाव्यासारखं. समोरून राजा, मागून बांबू.

---

मेहरूणकाठ, जळगाव

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. शेडवाले दादा, तुमचा भाचा जे वाचतोय ते मी लॉकडाउनमध्ये सलग वाचून काढलं आहे. घरात डाळीच्या बरण्या भरायच्या आणि रात्री हे वाचायचं.

मार्व्हलनंतर हे कॉमिक्स ड्रीमवेव्हकडे गेलं, ती कंपनी काही वर्षांत बुडाली. मग २००५ ते २०२२ आयडीडब्ल्यू या प्रकाशनाकडे होतं. तिथे मेगाट्रॉनला पूर्वायुष्य मिळालं. आणि २०१२च्या जानेवारीपासून जेम्स रॉबर्ट्स या लेखकाची जी मालिका सुरू झाली, तिच्यात युद्धाचं मूळच खणून काढलंय. हा माणूस आधी नुसता चाहता होता, स्वतःच्या हौसेने या रोबोंवर कादंबरी लिहून बसलेला.

त्यातला या रोबोंचा सायबरट्रॉन ग्रह असा आहे: तुम्ही ज्या यंत्रात बदलता, तेच तुमचं काम. ड्रिल होत असाल तर खाणीत जा. सूक्ष्मदर्शक होत असाल तर प्रयोगशाळेत. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, हे कोणी विचारत नाही. साचा ठरला की जन्म ठरला. मी हे वाचत होते तेव्हा स्वयंपाकघरात आजी आईला सांगत होती की कोणाच्या घरची माणसं पूर्वी कोणत्या दारातून आत यायची. मला पुस्तक खाली ठेवावं लागलं.

त्यात व्हर्ल नावाचा एक रोबो आहे. बनलाय हेलिकॉप्टर, पण नाद घड्याळांचा. ठरवून दिलेलं काम सोडून तो घड्याळं बनवायला लागतो. त्याची शिक्षा काय? चेहरा काढून घेतात, हात काढून घेतात. चेहऱ्याच्या जागी एकच डोळा आणि हाताच्या जागी खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन आकडे. घड्याळजीला आकडे! केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलणारा माणूस, त्याला आता पेलासुद्धा नीट धरता येणार नाही. रक्ताचा एक थेंब नाही त्या चित्रांत आणि तरी मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता तुमच्या भाच्याचं वाक्य आठवा, 'कोठडीत मारला'. खाणमजूर मेगाट्रॉनला कोठडीत मारणारा पोलीस कोण? हाच व्हर्ल. ज्याचे हात काढून घेतले, त्याच्याकडूनच दुसऱ्याला मारून घेतलं.

आणि त्या ठाण्याचा कप्तान कोण, सांगा बरं? ओरायन पॅक्स. पुढे जाऊन जो ऑप्टिमस प्राइम होतो, तो.

---

शेडवाला, भुसावळ

अगं ताई, हे असं आहे? मला वाटलं पोरगं उगाच शहाणपणा करतंय.

---

मेहरूणकाठ, जळगाव

पुढे ऐका ना. ओरायन पॅक्स मेगाट्रॉनचं लिखाण वाचतो. पटतं त्याला. तिथल्या सरकारात, सिनेटमध्ये, जाऊन त्यातलेच मुद्दे मांडतो. म्हणजे दोघांचं म्हणणं एकच! पण एकाला भर सभेत उभं राहून बोलता आलं आणि ज्याने लिहिलं तो कोठडीत. पुढे तोच खाणमजूर ४० लाख वर्षं चालणारं युद्ध लढतो, ग्रहच्या ग्रह बेचिराख करतो. त्याला मोकळं सोडत नाहीत लेखक. २०१४पासूनच्या अंकांत त्याच्यावर खटला चालतो, तो ऑप्टिमसच्या बाजूचं, ऑटोबॉट्सचं लाल चिन्ह छातीवर लावतो आणि ज्या जहाजावर राहतो तिथले लोक त्याच्या शेजारी जेवायलासुद्धा बसायला कचरतात. जितके मेले त्यांची नावं त्याच्या माफीने परत येत नाहीत.

भाच्याला सांगा, मेगाट्रॉनचा प्रश्न खरा होता. उत्तर त्याने जे काढलं ते मात्र भयंकर होतं.

---

चोपड्याचा_पण_पुण्यात

दंडवत, ताई. प्रतिसादाचाच वेगळा धागा करा.

पण दोन्ही बाजूंनी एक राहिलं. मार्व्हलवालेही इतके बाळबोध नव्हते. २४वा अंक काढून वाचा. ऑप्टिमस प्राइम आणि मेगाट्रॉन व्हिडिओ गेममध्ये उतरून लढतात. अट अशी की जो हरेल त्याला उडवून द्यायचं. प्राइम जिंकतो, पण जिंकता जिंकता गेममधली काही निरपराध पात्रं त्याच्या हातून मरतात. ती खोटी, नुसत्या ठिपक्यांची! तरी तो बाहेर येऊन म्हणतो, मी फसवून जिंकलो, मला उडवा. आणि गेम बनवणारा पोरगा बटण दाबतो. नायक खलास. सगळे म्हणतात हा कैच्याकै मृत्यू आहे. मला वाटतं, अख्ख्या मालिकेत प्राइम कोण आहे हे तिथेच कळतं. पुढच्याच अंकात मेगाट्रॉनचं डोकं फिरतं, कारण शत्रू असा सहज मरतोच कसा हे त्याला पचत नाही.

जाता जाता, इंग्लंडात हे कॉमिक वेगळं निघायचं, ३३२ अंक निघाले. आठवड्याला अंक काढायचा तर अमेरिकेचा महिन्याचा मजकूर पुरा पडेना. म्हणून मधल्या जागेत सायमन फर्मन स्वतःच्या गोष्टी घुसवायचा. त्यातच डेथ्स हेड नावाचा सुपारी घेणारा रोबो आला. इथे मार्व्हलचा धूर्तपणा बघा. ट्रान्सफॉर्मर्सच्या अंकात जो पहिल्यांदा दिसेल तो हॅस्ब्रोच्या मालकीचा होणार. म्हणून आधी त्याची एक पानाची स्वतंत्र गोष्ट दुसरीकडे छापून मोकळे झाले, असं सांगतात. सातबारा आधी आपल्या नावावर, मग भाड्याने दिला.

---

केळीवाला, रावेर

सातबाऱ्याचं उदाहरण दिलं म्हणून कळलं. असंच सांगत जा.

---

निरीक्षक

वाचतोय. ताईंच्या प्रतिसादावरून जातीपातीवर गाडी जाऊ शकते. जाऊ द्या, पण रुळावरून. धाग्याचं काश्मीर झालं, म्हणजे न संपणारं भांडण पेटलं, तर कुलूप लागेल.

---

अहिराणी_आप्पा, शिरपूर

मी ६८ वर्षांचा. नातवाने हा धागा उघडून दिला. चष्मा लावून सगळा वाचला.

आमच्या वेळी दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायचा. जपानी. लहान पोरगा हातातल्या घड्याळात बोलायचा आणि एवढा मोठा इजिप्तच्या राजासारख्या तोंडाचा रोबो उडत यायचा. शेवटी त्या शत्रू सम्राटाला कवटाळून तो आकाशात गेला आणि परत आलाच नाही. गल्लीत एकच टीव्ही, पंचवीस पोरं आणि एक मी मोठा माणूस. पोरं रडत होती. मी डोळ्यात कचरा गेला म्हणालो.

मला यातली पात्रं माहीत नाहीत. पण एक शब्द बोचला. तुम्ही लोक 'रूप बदलतो' म्हणता. इंग्रजीत काय म्हणतात ते नातवाने सांगितलं, 'वेषांतर केलेले रोबो'. भो, याला आपल्याकडे शब्द आहे, सोंग. ट्रक हे त्याचं सोंग. वहीगायनात, आपल्या खानदेशी लोककलेत, गडी लुगडं नेसून येतो तेव्हा त्याचं रूप बदलत नाही, तो सोंग घेतो. मिशी तशीच असते, सगळ्यांना दिसते आणि तरी लोक त्याला बाई म्हणून हसतात-रडतात.

नातवाला मी अहिराणीतून सांगितलं: "आपला घर बी एक रोबो शे, तेनं नाव ट्रॅक्टर. सकायले डिझेल पेस अन् दिनभर काम करस. फक्त बोलत नही." तो म्हणे, बाबा, बोलला तर काय म्हणेल? मी म्हटलं, "मना हप्ता भर."

---

शेडवाला, भुसावळ

आप्पा!!! साष्टांग.

सोंग शब्दाने माझं डोकंच उघडलं. पहिल्या अंकात हेच आहे. ऑटोबॉट्सचं जहाज ४० लाख वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या एका ज्वालामुखी डोंगरावर आदळतं, सगळे निपचित. १९८४ला डोंगर फुटतो, जहाज जागं होतं आणि पृथ्वीवर जिवंत काय आहे ते बघायला एक टेहळ्या यंत्र पाठवतं. ते यंत्र बघतं तर रस्त्याने गाड्या, आकाशात विमानं. त्याला वाटतं, इथले रहिवासी हेच! म्हणून प्रत्येक जखमी रोबोला ते गाडी-विमानाचं अंग देतं. म्हणजे ज्यांच्यात मिसळायचं, त्यांना ओळखण्यातच चूक. माणूस नावाचा किडा या गाड्यांच्या आत बसलेला असतो, हे नंतर कळतं.

आणि जिभाऊ, तुमच्या रिकाम्या सीटचं गणित इथे जुळतं बघा. सोंग आहे म्हणून सीट आहे.

त्या अंकांत सगळ्यांना इंधनाची ददात. ऑटोबॉट्सची टाकी कोरडी, डिसेप्टिकॉन मिस्त्रीला पळवून इंधन करून घेतात. सगळी सोंगं आणता येतात, डिझेलचं सोंग आणता येत नाही.

---

जिभाऊ, धुळे

शेवटचं वाक्य माझ्या ट्रकच्या मागे लिहून घेतो. आजच.

पण ताईंच्या मुद्द्याला आप्पांचा शब्द लावून बघा, उलटं होतं. मार्व्हलमध्ये ट्रक हे सोंग, आतला खरा. आयडीडब्ल्यूमध्ये मात्र सरकार म्हणतं, तुझं यंत्र हेच खरं आणि हा हातपायवाला, बोलणारा, घड्याळ बनवणारा तू, हे सोंग. लढाई याच्यावरून आहे. खरं कोणतं हे ठरवणार कोण?

मी खेळण्यांवरून टर उडवली, ती अर्धी मागे घेतो. अर्धीच. कारण १९८६च्या सिनेमात जुनी पात्रं पटापट मारली ती नवी खेळणी विकायलाच मारली आणि थिएटरात पोरं रडली. तो हिशोब काही चुकता झालेला नाही.

---

मेहरूणकाठ, जळगाव

जिभाऊ, अनुमोदन. मला हे नेमकं मांडता येत नव्हतं.

आणि अवांतर: स्टेशनसमोर एक घड्याळजी बसायचे, काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग चिकटवलेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. व्हर्ल वाचताना मला तेच दिसत होते. ते कुठे गेले कोण जाणे.

---

चोपड्याचा_पण_पुण्यात

नवीन वाचायचं असेल त्यांच्यासाठी: ऑक्टोबर २०२३पासून स्कायबाउंड या प्रकाशनाकडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालंय. पहिले २४ अंक डॅनिएल वॉरेन जॉन्सनने लिहिले, सुरुवातीच्या अंकांची चित्रंही त्याचीच. २०२४ला त्या मालिकेला कॉमिक्सचा आयझनर पुरस्कार मिळाला. इथे ना खाण आहे ना सिनेट. इथे ऑप्टिमस प्राइम चक्क कुस्तीतल्यासारखा उचलून आपटतो, तुटलेल्या हाताच्या जागी मेगाट्रॉनचा हात लावून फिरतो. पानापानावर लोखंडाचा आवाज येतो. मला ताईंच्या मालिकेइतकं खोल वाटलं नाही, पण हाणामारी बघायची तर हेच.

---

केळीवाला, रावेर

शत्रूचा हात लावून फिरतो? कलम करतात तसं? आमच्याकडे आंब्याला करतात. फळ कोणाचं लागतं मग?

---

पुलाखालचं_पाणी, जळगाव

ज्याची फांदी त्याचं फळ, दादा. खोड नुसतं पाणी पुरवतं. बाप रे, हे त्या लेखकाला कळवायला पाहिजे.

---

अहिराणी_आप्पा, शिरपूर

नातू म्हणे ऑप्टिमसची 'रूप बदला आणि निघा' ही आरोळी अहिराणीत करा. आम्ही दोघांनी बसून केली. बघा जमते का:

"चाला भो, सोंग ल्या आन् निंघा!"

नातवाचं म्हणणं, 'भो' नको, सेनापती आहे तो. मी म्हटलं, आपल्याकडचा सेनापती भोच म्हणेल. नाहीतर कोण उठतंय त्याच्या मागे?

---

जिभाऊ, धुळे

जमलं, आप्पा. आता मेगाट्रॉनचं करा. तो धुळ्याचा दाखवा, म्हणजे वाद मिटेल. नाहीतर वाढेल.

---

शेडवाला, भुसावळ

धागाकर्ता पुन्हा हजर. काल भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. ताईंचं सगळं वाचून दाखवलं, आप्पांची आरोळीही. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, पण ओरायन पॅक्स ठाण्याचा कप्तान होता ना? मग त्याच्याच ठाण्यात मारलं कसं?"

घ्या. याचंही उत्तर नाही. ताई, तुम्हीच बघा.

मग म्हणाला, तुमचा तो जुना ट्रक दाखवा. मी माळ्यावरून पेटी काढली. खरा नाही हो, कसला खरा. फलाटावरच्या विक्रेत्याकडून घेतलेली नक्कल, डब्यावर नुसतं 'रोबो फायटर' छापलेलं. आठवीत असताना याच्या मांडीची पिन तुटली होती. बाबांनी शेडमधून आल्यावर, हातपायसुद्धा न धुता, सायकलच्या स्पोकचा तुकडा कापला, कानशीने घासला आणि हातोडीच्या दोन टोल्यांत बसवला. त्या सांध्यावर त्यांच्या अंगठ्याचं ग्रीस बसलेलं, ते मी कधी पुसलं नाही. आता काळं पडलंय, पण आहे.

भाच्यासमोर ट्रकाचा रोबो करायला गेलो. एक पाय निघाला. दुसरा अडला. जरा जोर लावला आणि कट्. बाबांनी बसवलेली पिन नाही तुटली. तिच्या बाजूचा, कारखान्याचा सांधा तुटला.

आता दुसरा स्पोक पाहिजे. बाजारात मिळतात ते नवे स्पोक पातळ वाटतात. कोणाकडे जुनी, जाड स्पोकची सायकल पडून आहे का? भुसावळपासून पन्नास किलोमीटरच्या आत असेल तर गाडी काढून येतो.

---

केळीवाला, रावेर

आमच्या गोठ्यात वडिलांची दुधाची सायकल टांगलेली आहे. कॅन लटकवायचे तिला, स्पोक जाड आहेत. मागच्या चाकाचे घेऊ नका, गंजलेत. पुढच्याचे चांगले आहेत. रविवारी या, सकाळी, ऊन व्हायच्या आत. कानस तुमची आणा. केळीची फणी माझ्याकडून.